सागवानी फ्रेम, चित्र फुकट

"फ्रेम सागवानी आहे ताई, चित्र फुकट धरा."

मंगळवार पेठेतला जुना बाजार, रविवारची सकाळ. काकांनी पाचशे सांगितले, मी साडेतीनशेवर आणले. चारशेलाच त्यांचा चेहरा उतरला होता, पण मी ताणलं. घरी येऊन धुरकट काच पुसली तर आत पवनचक्की. नुसत्या बारीक काळ्या रेषांची. शेजारी बसकी घरं, वर जवळजवळ रिकामं आकाश. खाली उजव्या कोपऱ्यात, तशाच रेषांत: रेम्ब्रांट, पुढे एक 'एफ', आणि १६४१.

आधी हसले. मग फोन काढला.

रेम्ब्रांटचं असं एचिंग खरंच आहे. ॲमस्टरडॅमच्या तटबंदीवरची ही चक्की चामडं कमावणाऱ्यांच्या संघाची होती. तिथे चामडं मऊ करायला माशाचं तेल वापरत, म्हणून लोक तिला 'वासाडी चक्की' म्हणायचे. ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्युझियमच्या साइटवर हे चित्र एकेक रेष दिसेल इतकं मोठं करता येतं. रात्री दोनपर्यंत मी तेच करत बसले होते.

एचिंग म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा आणि त्यावर सुईने चित्र ओरखडायचं. थर निघाला तिथलं तांबं ॲसिड खातं. त्या खाचांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून दाबाखालून काढायचा. पत्रा एक, प्रती अनेक. म्हणजे एखादी प्रत फिरत फिरत पुण्यात येणं अगदीच अशक्य नाही, असं मी स्वतःला समजावलं.

आमच्या गल्लीतल्या घड्याळजींकडून भिंग उसनं आणलं. पुस्तकातून फाडलेलं चित्र असेल तर भिंगाखाली ठिपके दिसतात. ठिपके नव्हते. पत्र्याच्या कडेने कागद दबून होते ती खोलगट चौकट होती. पट्टी लावली: साडेचौदा सेंटिमीटर उंच, जवळपास एकवीस रुंद. म्युझियमचं मापही तेच. कागद उजेडासमोर धरायचा म्हणून फ्रेम उघडली. खिळे गंजलेले, स्क्रूड्रायव्हरने उचकटताना खालची पट्टी उभी चिरली. मी बघितलंही नाही. कागदात जाळीच्या समांतर रेषा दिसत होत्या. अशा रेषा नसलेला सपाट कागद युरोपात अठराव्या शतकाच्या मध्यानंतर आला. म्हणजे माझा त्याआधीचा? (जाळीच्या रेषांचा कागद त्यानंतरही बनतच राहिला, हे त्याच पानावर खाली लिहिलं होतं. ते मी वाचलं आणि विसरले.)

मग लिलावांचे आकडे. डॉलरचे रुपये केले की शून्यं बोटाने मोजावी लागत होती. माझ्या एज्युकेशन लोनचे चार लाख बाकी आहेत. मनातल्या मनात ते मी फेडून टाकले. आईला गुडघ्याचं ऑपरेशन. उरलेल्यात काय, याची यादी फोनच्या नोट्समध्ये अजून आहे.

काकांचं नाव त्या यादीत नव्हतं.

पुढचे तीन रविवार मी बाजारात गेले, पण त्यांच्या ओळीत नाही. मी काही चोरी केली नव्हती. त्यांनी किंमत सांगितली, मी दिली. खरं तर दीडशे कमी दिली. तरी लांबून त्यांची निळी ताडपत्री दिसली की मी वळायचे. खरं निघालं तर त्यांना सांगायचं का? किती द्यायचे? दहा टक्के? दहा टक्के म्हटलं की उदार वाटायचं आणि लगेच लाजही वाटायची.

कागद पुठ्ठ्याला वरच्या कडेने चिकटवलेला होता. चौथ्या आठवड्यात धीर करून तो सोडवला. मागे फिकट लाल, छोटासा शिक्का.

तो शिक्का आमाँ-ड्युराँ यांचा. १८७० च्या दशकात पॅरिसमध्ये त्यांनी रेम्ब्रांट, ड्यूरर यांच्या चित्रांच्या हुबेहूब प्रती काढल्या. मूळ प्रिंटचा फोटो तांब्यावर उतरवायचा, पत्रा ॲसिडने कोरायचा, हाताने रेषा सुधारायच्या आणि जुन्याच पद्धतीने छापायचं. म्हणून माझी दबलेली चौकट खरी होती, शाई खरी होती. फसवणूकही नव्हती, ओळखता यावं म्हणूनच तर शिक्का मारलेला. रेम्ब्रांटच्या पत्र्यावरचा थर तडकून आकाशात बारीक जाळं उमटलं होतं, तेसुद्धा फोटोने उचललंय. अडीचशे वर्षांपूर्वीचा अपघात इतक्या निष्ठेने कोणी जपला, याचं मला रेम्ब्रांटपेक्षा जास्त कौतुक वाटलं. अर्थात दोन दिवसांनी. आधीचे दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही.

मुंबईतल्या एका जाणकारांना फोटो पाठवले. "नीट प्रत आहे. योग्य गिऱ्हाईक भेटलं तर काही हजार. पिवळ्या पुठ्ठ्यातून आधी काढा, तो कागद खातो."

त्या रविवारी मी सरळ काकांच्या ताडपत्रीपाशी गेले. आता जाता येत होतं, हे मला कळत होतं. दीडशे रुपये पुढे केले आणि सगळं सांगितलं: हॉलंड, चक्की, पॅरिस, शिक्का, काही हजार. त्यांनी ऐकून घेतलं. पैसे मोजून खिशात ठेवले.

"आणि फ्रेम?"

उघडताना चिरली, म्हटलं.

"आरारा," काका म्हणाले. "जुनं सागवान होतं ते ताई. तसं आता मिळत नाही."