माझे साडेतीन गुंठे

अब्बांच्या इंतकालाला दोन वर्षे झाली होती. एके सकाळी माहेरच्या शेजारणीचा, खालाचा फोन आला, "तुमच्या जागेत जेसीबी आलाय. तुला विचारलं का कोणी?" कोणीही विचारले नव्हते.

जागा १२ गुंठ्यांची. अब्बांमागे अम्मी, भाईजान आणि मी असे तीन वारस. सूरह निसामध्ये सांगितल्याप्रमाणे २४ भाग केले तर अम्मीचे ३, भाईजानचे १४ आणि माझे ७. म्हणजे माझे साडेतीन गुंठे. सातबाऱ्यावर तिघांची नावे लागली होती, पण वाटप झाले नव्हते. आणि भाईजान रस्त्याकडच्या मोक्याच्या बाजूला पाया खोदत होते.

"बहिणी कधी हिस्सा मागतात का? सासरी काय कमी आहे तुला?" ते म्हणाले. तीनदा बसून बोललो. जमातीचे बुजुर्ग मध्ये पडले. काम थांबले नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "उशीर करू नका. स्लॅब पडल्यावर गेलात तर कोर्ट विचारेल, इतके दिवस गप्प का होतात?" वाटपाचा दावा आणि त्यासोबत दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ खाली तात्पुरत्या मनाईचा अर्ज केला. कोर्ट तीन गोष्टी पाहते: हक्क प्रथमदर्शनी दिसतो का, मनाई न दिल्यास भरून न येणारे नुकसान होईल का आणि जास्त गैरसोय कोणाची होईल. सातबारा, फेरफार आणि पायाचे फोटो जोडले. भाईजानना नोटीस गेली. दोन्ही बाजू ऐकून जागा 'जैसे थे' ठेवण्याचा हुकूम झाला.

हुकूम हातात घेऊन मी रडले. जिंकल्यासारखे वाटलेच नाही. मनाईने फक्त काम थांबते. कोणाचा हिस्सा कुठे, हे दाव्यातच ठरायचे.

ईद आली. जावे की नको? अम्मी भाईजानकडेच राहते. तिनेच फोन केला, "कोर्टात हिस्सा माग, पण ईदला घरी ये."

गेले. भाभीने शिरखुर्म्याची वाटी पुढे केली. भाईजान बराच वेळ बोलले नाहीत. निघताना दारात म्हणाले, "मोजणीचा अर्ज कोण करणार?"

"दोघं मिळून करू," मी म्हटले.

दावा अजून चालू आहे. पण बहिणींनो, हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी एवढे लक्षात ठेवा: हा हिस्सा भावाची मेहरबानी नाही, अल्लाहने ठरवून दिलेला आहे. तो मागितल्याने नाते तुटत नाही.