टेपला आलेली अक्षरं
वसईतल्या एका गाळ्यात माझी पहिली नोकरी: दुधाच्या पिशव्यांची छपाई. एका रात्री छापलेल्या फिल्मवर टेप चिकटवून खेचली, तर निळी अक्षरं टेपसोबतच निघाली. मी शाईला शिव्या घातल्या. ऑपरेटरकाकांनी काही न बोलता कोऱ्या फिल्मवर डाईन पेनने रेघ ओढली. ती थेंबाथेंबांत आकसली.

पॉलिथिनची पृष्ठऊर्जा साधारण 31 डाईन. शाई धरायला 38 तरी हवी. कोरोना ट्रीटरमधला विजेचा मारा ती वाढवतो. पण रोल महिनोन्‌महिने पडून राहिला की आतलं स्लिप वर येतं, असर ओसरतो.

तो जुना रोल मीच गोदामातून काढला होता. सकाळी मालकांना तसं सांगितलं. पगार कापला गेला, नोकरी राहिली. आता मशीन सुरू करण्याआधी रोलवरची तारीख वाचतो, मग रेघ ओढतो.