जरा बाजूला हो

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी माळा साफ करताना पत्र्याची जुनी पेटी खाली उतरली. आत माझे फोटो. म्हणजे मी काढलेले. मी त्यात कुठेच नाही, कारण कॅमेरा कायम माझ्याच गळ्यात. आग्फा क्लिक-थ्री! आमच्या पिढीतल्या पुष्कळांना तो आठवत असेल. एका रिळात बारा चौकोनी फोटो. बारा म्हणजे बाराच, त्यामुळे प्रत्येक वेळी बटण दाबताना जीव थोडा थोडा व्हायचा.

सुट्टीला आलेली नात पेटी घेऊन बसली. तिला फोटोग्राफीचे भारी वेड. अर्ध्या तासाने म्हणाली, "आबा, तुमचे सगळे डोंगर सारखेच का दिसतात हो?"

मला जरा रागच आला. म्हटले, "सारखे कसे? मागे नावे लिहिली आहेत. हा कळसूबाई, हा रतनगड, हा हरिश्चंद्रगड."

"नाव वाचल्याशिवाय कळत नाही, तोच तर प्रॉब्लेम आहे ना!"

बत्तीस वर्षे मुलांच्या निबंधांवर लाल शेरे मारले. आता माझी वही तपासली जात होती. पण विचार केला तेव्हा पटले. मास्तरांना मोठी सुट्टी मे महिन्यात. संगमनेरहून सकाळची एस.टी. पकडून पोहोचेपर्यंत दुपार व्हायची. आणि मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. स्वतःची सावलीसुद्धा पायाखाली जाते. तिथे डोंगराला कुठून सावली असणार?

सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणून त्याला पायऱ्या पायऱ्या दिसतात: कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. हे मी वर्गात फळ्यावर काढून शिकवले आहे. पण त्या पायऱ्या दिसायला उजेड तिरका लागतो. उजेड एका बाजूने आला की कड्याची धार उजळते, घळीत अंधार साठतो आणि डोंगराला अंग येते. डोक्यावरच्या उन्हात सगळे एकाच रंगाचे, त्यात उन्हाळ्याचा धुरकट पडदा. मी डोंगराचे नव्हे, डोंगराच्या नकाशाचे फोटो काढत होतो म्हणा ना!

दुसरी चूक तर माझ्याच विषयातली. निबंधात सगळे कोंबू नये, विषय एक धरावा, असे मी मुलांना सांगत आलो. फोटोत मात्र आख्खी रांग, आख्खे आकाश, कडेला विजेचा खांब आणि क्षितिज बरोबर मधोमध, फुटपट्टीने आखल्यासारखे.

"हा एकच चांगला आहे," असे म्हणून नातीने एक फोटो बाजूला ठेवला. १९८१ चा मे, भंडारदरा. धरणाचे पाणी आटलेले, काठाला भेगाळलेला चिखल, मागे रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुटा. चित्राच्या खालच्या कोपऱ्यात पाण्याशी वाकलेली एक बाई, बोटाच्या पेराएवढी.

"या बाईमुळे डोंगर केवढा मोठा आहे ते कळतं बघा. नाहीतर तो शंभर फुटांचा आहे की चार हजार, काय समजणार? कोण आहे ही?"

"तुझी आजी," मी म्हणालो.

ती तोंड धुवायला पाण्याकडे गेली होती. ती चौकटीबाहेर आहे असे समजून मी बटण दाबले. फोटो धुऊन आल्यावर मीच म्हणालो होतो, "वाया गेला हा, तू मध्ये आलीस." आणि हे नेहमीचेच होते. कुठेही गेलो की माझे पहिले वाक्य, "जरा बाजूला हो, डोंगर येऊ दे." ती हसायची आणि बाजूला व्हायची. कधी म्हणायची, "अहो, डोंगर कुठं पळून जातोय?"

ऑक्टोबरमध्ये मुलाने आम्हा सगळ्यांना भंडारदऱ्याला नेले. गुडघ्यांमुळे आता चढणे नाही, काठावर बसणेच. नातीने पहाटे उठवले. अंधारात जाऊन दगडावर बसलो. पावसाळा संपलेला, हवा स्वच्छ, पाणी काठोकाठ. साडेसहाच्या सुमारास पहिला उजेड आधी रतनगडाच्या माथ्याला लागला. मग हळूहळू, बादलीतून रंग ओतावा तसा, खाली उतरू लागला. सूर्य आमच्या डावीकडे मागे, म्हणून एकेक पायरी वेगळी दिसू लागली. मी लगेच मोबाईल उचलला.

"थांबा आबा. अजून दहा मिनिटं."

थांबलो. तिने सांगितल्याप्रमाणे पडद्यावरच्या आडव्या रेषा बघून क्षितिज वर घेतले, आकाश कमी केले. पुढ्यातला ओला दगड खालच्या कोपऱ्यात धरला. मग उजळलेल्या माथ्यावर बोट टेकवून उजेड थोडा उतरवला, म्हणजे तो माथा पांढराफटक होत नाही. सगळे जमले आणि नेमका एक म्हातारा गुराखी दोन गाई घेऊन काठाने चौकटीत आला. माझ्या तोंडून सवयीने निघणारच होते... पण गप्प राहिलो. तो दगडाच्या थोडा पुढे गेला तेव्हा बटण दाबले.

नात म्हणाली, "आता झाला फोटो!"

फोटो खरेच चांगला आला आहे. मुलाने मोठा करून चौकटीत बसवून दिला. येणारे-जाणारे वा वा करतात.

पण परवा पुन्हा ती पेटी उघडली आणि मोजले. डोंगरांचे फोटो दोनशे अकरा. त्यात ही असलेले सात. त्यातल्या चारांत ती चौकटीबाहेर निघालेली, पाठमोरी. ती जाऊन आता पाच वर्षे होतील. डोंगर काही पळून गेला नाही. चव्वेचाळीस वर्षांनी गेलो तरी तिथेच होता, आणि उजेड कसा बघायचा ते या वयातही शिकता आले. दुसरे काही आता कुठल्या पहाटे उठून मिळणार नाही.

असो. तुमच्यापैकी जे दिवाळीत डोंगरात जाणार आहेत त्यांना एवढेच सांगतो: दुपारी झोप काढा, पहाटे आणि संध्याकाळी बाहेर पडा, उजेडाची वाट बघा. आणि बरोबरच्या माणसाला बाजूला व्हायला सांगू नका. चौकटीत जागा असते.