बर्टनचीं तळघरें

इंग्लंडच्या मध्यभागीं, स्टॅफर्डशायर परगण्यांत, ट्रेंट नदीच्या कांठीं बर्टन नांवाचें गांव आहे. विहिरींच्या पाण्यामुळें नांवलौकिकास चढलेलीं गांवें आपल्याकडेही आहेत. बर्टनच्या पाण्याची ख्याति मात्र बिअरसाठीं आहे. जिप्समच्या थरांतून झिरपलेलें तेथील जड पाणी फिक्या रंगाच्या कडवट बिअरला विशेष मानवतें. १८२२ च्या सुमारास येथील कारखानदार आपलीं पिंपें हिंदुस्थानास धाडूं लागले. आफ्रिकेला वळसा घालून मुंबईस पोंचावयास गलबतांना महिनेच्या महिने लागत, आणि तेवढ्या अवधींत बिअर वाटेंतच मुरे. ज्या पेयानें आपल्या बंदरांत गोऱ्या अंमलदारांची तहान भागविली तें मुरतें कसें, हें मद्य वर्ज्य असलेल्यानेंही पाहण्यासारखें आहे.

मोड आणून वाळविलेल्या जवाचा काढा हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांबरोबर उकळतात, आणि निवल्यावर यीस्ट म्हणजे किण्व घालून तो आंबवितात. जुन्या पद्धतीनें पिंप भरतांना हें किण्व जिवंत असतें व थोडी साखरही शिल्लक असते. तोंड बंद झालें कीं किण्व ती साखर खाऊं लागतें, आणि त्यांतून निघणारा कर्बाम्लवायु, वाट न सांपडल्यामुळें, बिअरमध्येंच विरघळतो. सोडावॉटरचा चुरचुरीतपणा याच वायूचा. लीड्स येथें बिअरच्या कारखान्याशेजारीं राहणाऱ्या जोसेफ प्रीस्टले यानें आंबणाऱ्या हौदांवरचा हा वायु पाहून तो पाण्यांत मिसळण्याची युक्ति शोधली व १७७२ सालीं छापून प्रसिद्ध केली. तेव्हां आपलें निरुपद्रवी सोडावॉटर हें बिअरचेंच अपत्य होय!

बर्टनच्या एखाद्या पानगृहाच्या तळघरांत उतरावें. ११ ते १३ अंशांच्या गारव्यांत नऊ गॅलनचीं, म्हणजे सुमारें ४१ लिटरचीं पिंपें आडवीं मांडलेलीं असतात. माथ्यावरच्या भोंकांत प्रथम मऊ, सच्छिद्र लांकडाची खुंटी ठोकतात. तिच्यांतून जादा वायु हळूहळू निसटतो. जोर ओसरला कीं टणक लांकडाची खुंटी बसवितात, म्हणजे उरलेला वायु आंतच राहतो. गाळ तळाशीं बसूं द्यावयाचा, पिंप हलवावयाचें नाहीं, आणि एकदां तोटीनें बिअर काढूं लागलें कीं आंत हवा शिरते म्हणून तीन-चार दिवसांत तें संपवावयाचें. लोणच्याच्या बरणीवर आजीची नजर असते, तशी तळघरवाल्याची या पिंपांवर.

विसाव्या शतकांत ही दगदग टाळणारी रीत पसरली. बिअर गाळून, किण्व काढून, ती धातूच्या बंद पिंपांत, म्हणजे केगांत, भरावयाची व वर दाबानें वायु सोडावयाचा. ती सर्वत्र सारखी लागते व पुष्कळ दिवस टिकते. पण मुरण्याचा प्रश्नच उरत नाहीं. जुनी चाल नामशेष होईल या भीतीनें १९७१ सालीं चौघा इंग्रज मित्रांनीं चळवळ उभारली, म्हणून ती तगली. तरीही लांकडी पिंपांच्या सांखळींत बिअर आंबविण्याची बर्टनमधील शेवटची मांडणी २०२४ सालीं थांबलीच.

घरच्यापुरती बिअर करण्यास इंग्लंडांत १९६३ पासून परवाना लागत नाहीं. हौशी लोक १९ लिटरचीं छोटीं केगें वापरतात, आणि त्यांना दोन्ही वाटा मोकळ्या असतात. शीतकपाटांत ४ अंशांवर ठेवून दर चौरस इंचास १२ पौंडांचा दाब आठवडाभर द्यावा. द्रव जितका थंड, तितका वायु अधिक विरघळतो. अथवा मोजून साखर घालून केग दोन-तीन आठवडे उबदार जागीं ठेवावें, म्हणजे किण्व आपलें काम आपणच करितें. साखर जास्त झाली तर नुसता फेस, कमी झाली तर मिळमिळीत पाणी.

तेव्हां दोष धातूच्या पिंपाचा नव्हे. पदार्थ कारखान्यांतून पुरा होऊन आला कीं घरच्या माणसाला करण्याजोगें कांहीं राहत नाहीं. थोडा अपुरा आला तर शेवटचा हात त्याचा लागतो. बर्टनच्या तळघरांत तो हात अद्याप लागतो, म्हणून तीं पाहण्यासारखीं आहेत.