‘दुसरी काही औषधं चालू आहेत का?’

डॉक्टरांनी विचारलं, “दुसरी काही औषधं चालू आहेत का?”

मी म्हणालो, “नाही.”

शेजारी आई बसली होती. खास साताऱ्याहून आली होती, माझी कोपरं आणि पाठ बघून घाबरून. आणि माझ्या लॅपटॉप बॅगच्या आतल्या कप्प्यात प्रोप्रॅनोलॉलची स्ट्रिप होती.

त्याची गोष्ट अशी. टीम लीड झाल्यावर दर गुरुवारी क्लायंटला डेमो द्यावा लागायचा. कॉल सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी छातीत असं धडधडायचं, की इअरफोनमध्ये स्वतःचेच ठोके ऐकू यायचे. शेवटी एका सायकियाट्रिस्टकडे गेलो. त्यांनी समुपदेशन सुचवलं आणि दिवसातून दोनदा वीस मिलिग्रॅमची ही गोळी दिली. हे मूळचं रक्तदाब आणि हृदयाचं औषध, पण धडधड आणि हातांची थरथर याने आटोक्यात येते. माझीही आली. घरी मात्र सांगितलं नाही. ‘मुलगा डोक्याच्या डॉक्टरकडे जातो’ हे वाक्य आमच्या घरात कसं वाजलं असतं, ते मला पक्कं माहीत होतं.

सोरायसिस मला आधीपासून होता, पण नावापुरता. कॉलेजपासून कानामागे एक खवलेदार पट्टा होता, त्याला मी कोंडाच समजत होतो. गोळी सुरू झाल्यावर पाचेक महिन्यांनी तो कोपरांवर उतरला, मग गुडघ्यांवर, मग पाठभर पसरला. काळा टी-शर्ट घालणं बंद झालं. ऑफिसच्या खुर्चीवरून उठलो की आधी खुर्ची झटकायचो.

निरोगी कातडीची नवी पेशी तळातून वर यायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये ती तीन-चार दिवसांतच वर येऊन थडकते. शरीराची संरक्षण यंत्रणा विनाकारण ‘आग लागली’ म्हणून ओरडत राहते आणि कातडी घाईघाईने थरावर थर रचते. हा आजार संसर्गजन्य नाही. (हे मी लिफ्टमध्ये लोकांना किती वेळा सांगितलंय!)

मलमांनी फारसा फरक पडेना. मग शेजारच्या काकूंनी ओळखीतून एका ठिकाणच्या पुड्या आणून दिल्या. शुद्ध जडीबुटी, साइड इफेक्ट शून्य. पुडीवर ना नाव, ना घटक. दहा दिवसांत पाठ गुळगुळीत झाली. आईने देवापुढे पेढे ठेवले. चेहरा थोडा गोल दिसायला लागला होता, पण “तब्येत सुधारली” असंच सगळे म्हणाले. महिन्याभराने पुड्या संपल्या, नव्या मिळायला उशीर झाला आणि दोन आठवड्यांत सगळं परत आलं. आधी जिथे नव्हतं तिथेही आलं.

या वेळी डॉक्टरांकडे एकटाच गेलो. त्यांनी चेहरा पाहिला, पुड्यांचं ऐकलं आणि म्हणाले, “यात स्टिरॉइड असणार.” सिद्ध करता आलं नाही, कारण तपासायला एकही पुडी उरली नव्हती. पोटात घेतलेलं स्टिरॉइड सोरायसिस झटपट दाबतं आणि अचानक थांबवलं की तो उसळतो. काहींच्या अंगभर पूभरले फोड येतात, त्यांना दाखल करावं लागतं. माझं तेवढ्यावर निभावलं.

मग त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी बॅगेतून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली.

ते रागावले नाहीत. म्हणाले, “हे पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.” प्रोप्रॅनोलॉल ज्या गटातलं आहे ते बीटा ब्लॉकर, मानसिक आजारांत दिलं जाणारं लिथियम, मलेरियाचं क्लोरोक्विन, ही सोरायसिस भडकवू शकणाऱ्या औषधांच्या यादीतली ठळक नावं. सगळ्यांनाच होतं असं नाही. आणि बीटा ब्लॉकरचा परिणाम दिसायला कित्येकदा काही महिने लागतात, त्यामुळे गोळी आणि कातडी यांचा संबंध कुणी जोडत नाही. मीही जोडला नव्हता. लॉगमध्ये आपण शेवटच्या दोन दिवसांचंच बघतो. अर्थात ही गोळी मनाने एकदम बंद करायची नसते. दोन्ही डॉक्टर फोनवर बोलले आणि डोस हळूहळू उतरवला.

चिडून मी सगळ्या झाडपाल्याच्या नावाने शंख करणार होतो. पण वाचताना ‘गोवा पावडर’ भेटली. ही ब्राझीलमधल्या अरारोबा झाडाच्या खोडातली पूड. पोर्तुगीजांच्या व्यापारातून ती गोव्यात आली, नायट्यावर वापरली जाऊ लागली आणि गोव्याच्याच नावाने पुढे गेली. 1876 साली लंडनच्या बाल्मॅनो स्क्वायर या डॉक्टरांनी ती सोरायसिसवर चालते असं लिहिलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीत तिचा पुरवठा तुटला, तेव्हा तिथल्या रसायनशास्त्रज्ञांनी 1916 मध्ये तिच्या मुख्य घटकाशी मिळतंजुळतं डिथ्रॅनॉल बनवलं. ते मलम आजही मिळतं. कातडी चुरचुरते, बनियनवर न जाणारे तपकिरी-जांभळे डाग पडतात, म्हणून ते किती टक्के आणि किती मिनिटं लावायचं हे ठरलेलं असतं. आपल्या बावचीत सोरालेन असतं. त्याच कुळातलं औषध देऊन वर मोजून अतिनील किरण देतात. तेच मनाने लावून उन्हात बसलं तर भाजून फोड येतात. म्हणजे झाडात दम आहेच, आणि दम आहे म्हणूनच साइड इफेक्टही आहेत. ‘शून्य’वाल्या पुडीत दम कशाचा होता, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

आता पाठ बरीच निवळली आहे. गोळी उतरवली म्हणून, पुड्या सुटल्या म्हणून, की नव्या मलमाने, हे सांगता येत नाही. तीन बदल एकत्र डिप्लॉय केले की असंच होतं. कानामागचा पट्टा आहेच.

मागच्या भेटीला आई पुन्हा सोबत होती. फोनमध्ये केलेली औषधांची यादी मी डॉक्टरांना दाखवायला काढली आणि आधी तिच्या हातात दिली. तिने चष्मा लावला, सावकाश वाचली, ‘धडधडीसाठी, आता बंद’ या ओळीवर थांबली.

“कधीपासून धडधडत होतं?”

“वर्ष झालं.”

ती काही बोलली नाही. नंबर यायला अजून वेळ होता. मग पर्समधून एक कागद काढून म्हणाली, “माझी बीपीची गोळी कुठल्या गटातली आहे ते बघ जरा.”