न पाहिलेल्यांचे उपकार

माझ्या आजोबांच्या कीर्तनाच्या वह्या आज संगणकाच्या पडद्यावर अक्षर न् अक्षर वाचता येतात. हे ज्यांच्यामुळे झाले त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी आहे. बाकीच्यांना मी कधी पाहिलेही नाही. या सगळ्यांचे देणे कुठेतरी लिहून ठेवले पाहिजे असे फार दिवस मनात होते.

आजोबा सांगली-मिरजेच्या बाजूला गावोगाव कीर्तने करायचे. वह्यांत पूर्वरंगाचे अभंग आणि त्यावरचे निरूपण, उत्तररंगातली आख्याने, मधल्या साक्या-दिंड्या, आणि समासात कोणत्या गावी काय रंगले त्याची टिपणे. काही मजकूर मोडीत. शाई तपकिरी पडलेली, मागच्या पानावरची अक्षरे पुढे उमटलेली, आणि कागद असा की दुमडला तर तुकडाच हातात येतो. असल्या पानांना कागद आत ओढून घेणारे यंत्र चालत नाही. फोनवर फोटो काढला तर शिवणीजवळच्या ओळी वाकतात. इथे सपाट काचेचा स्कॅनरच हवा. पान जागच्या जागी पडून राहते आणि काचेखालून दिव्याची पट्टी सरकत जाते.

तसा एक स्कॅनर घरात होता. काच स्वच्छ, मोटर ठणठणीत, दिवा चालू. पण नव्या संगणकासाठी त्याचा ड्रायव्हर कंपनीने काढलाच नव्हता. धडधाकट यंत्राला असे निकामी ठरवले जाते याचा मला आजही संताप येतो. भंगारवाल्याला बोलावण्याचे घरात चालले होते, तेवढ्यात या विद्यार्थ्याचा दिवाळीचा नमस्कार करायला फोन आला. मी सहज बोलून गेले, तर तो म्हणाला, “बाई, स्कॅनर देऊ नका. माळ्यावर जुना संगणक आहे ना? त्यावर लिनक्स घालू या.”

आठवीत मी त्याला मराठी शिकवले होते. आता तो पुण्यात नोकरी करतो. कामावरून घरी आला की तो फोन करायचा आणि मी संगणकापुढे बसायचे. त्याने मला नुसत्या आज्ञा टाइप करायला लावल्या नाहीत. कोणती आज्ञा कोणता प्रश्न विचारते, हे तो आधी सांगायचा. शिकवण्याची ही रीत मला वर्गात नेहमी साधलीच असे नाही. त्याला ती उपजत आहे.

पहिला प्रश्न असा की तारेच्या टोकाला यंत्र आहे, हे संगणकाला कळते का. त्यासाठी ‘एलएसयूएसबी’. यादीत स्कॅनरची ओळ आली. प्रत्येक यूएसबी यंत्राला दोन क्रमांक असतात, एक बनवणाऱ्याचा आणि एक त्या मॉडेलचा. ते दोन्ही तिथे होते. ही ओळ आली नसती तर दोष तारेत, खोबणीत किंवा यंत्रातच शोधावा लागला असता. दुसरा प्रश्न: स्कॅन करणाऱ्या प्रणालीला ते सापडते का? ‘स्कॅनइमेज’ला यादी मागितली, तर स्कॅनर नाही असे उत्तर. मग त्याने तीच आज्ञा पुढे ‘सुडो’ लावून, म्हणजे संगणकाच्या व्यवस्थापकाच्या अधिकाराने, द्यायला सांगितली. आणि स्कॅनर सापडला!

“बाई, सुटलं म्हणा,” तो म्हणाला. व्यवस्थापकाला सापडतो आणि आपल्याला सापडत नाही, म्हणजे यंत्र बरे, ड्रायव्हर बरा, अडले आहे ते परवानगीपाशी. लिनक्समध्ये प्रत्येक यूएसबी यंत्र ही एक फाइल असते आणि त्या फाइलवर कोणी लिहायचे याचे नियम असतात. माझे खाते स्कॅनर वापरणाऱ्यांच्या गटात घातले, एकदा बाहेर पडून पुन्हा आत आले, आणि साध्या आज्ञेलाही स्कॅनर दिसू लागला.

पान मात्र अर्ध्यावर थांबायचे. तेव्हा त्याने जे विचारले ते मी विसरणार नाही. “मोटरचा आवाज ऐकवता का?” मी फोन काचेजवळ धरला. सुरुवातीला एकसारखी घरघर, मग अडखळणे, मग शांतता. त्याने लगेच विचारले की तार नक्की कुठे लावली आहे. जुन्या संगणकाला खोबण्या थोड्या, म्हणून कीबोर्ड, माउस आणि स्कॅनर एकाच हबवर होते. या जातीचा स्कॅनर भिंतीतल्या विजेवर चालत नाही, सगळी वीज यूएसबीच्या तारेतूनच घेतो. संगणकाच्या यूएसबी २ खोबणीतून ५०० मिलिअँपिअरपर्यंत वीज मिळते. स्वतःची वीज नसलेल्या हबवर प्रत्येक खोबणीच्या वाट्याला १०० च येतात. मोटरला ते पुरत नव्हते. तार थेट मागच्या खोबणीत लावली आणि पहिले पूर्ण पान उतरले.

पुण्यात बसून, आवाजावरून दोष ओळखणाऱ्या या मुलाला मी काय देणार? विचारले तर म्हणाला, “बाई, मी फक्त वाट दाखवली. ड्रायव्हर ज्यांनी लिहिला ते खरे.” मग मी त्यांच्याविषयी वाचत गेले.

लिनक्सवर स्कॅनर चालवणाऱ्या प्रणालीचे नाव सेन. १९९६च्या सुमारास डेव्हिड मॉसबर्गर-टँग आणि आंद्रेआस बेक यांनी तिचा पाया घातला. त्यांची कल्पना अशी की यंत्राशी बोलणारा भाग वेगळा ठेवायचा आणि माणसाला दिसणारा भाग वेगळा. त्यामुळे एकाने एखाद्या स्कॅनरचा ड्रायव्हर लिहिला की तो सेनच्या सगळ्या प्रोग्रॅमांना वापरता येतो. माझ्या स्कॅनरच्या आत जेनेसिस लॉजिकची चिप आहे. तिच्या ड्रायव्हरच्या माहितीपानावर ऑलिव्हर राउख, हेनिंग मायर-गाइनिट्झ, स्तेफान व्होल्ट्झ आणि इतर काहींची नावे आहेत. कंपनीकडून यंत्राची कागदपत्रे मिळत नाहीत तेव्हा असे लोक काय करतात? मूळ ड्रायव्हर चालू ठेवून तारेवरून जाणारा एकेक बाइट टिपून घेतात. भिंतीपलीकडे चाललेले परक्या भाषेतले बोलणे ऐकून ती भाषा शिकावी, तसे हे काम आहे. कोणत्या आकड्याने मोटर पुढे जाते, कोणत्याने दिवा उजळतो, पट्टी जागेवर कधी परत येते, हे एकेक करून ताडायचे. संवेदक बदलला की पुष्कळसे पुन्हा नव्याने.

त्याच माहितीपानावर आणखी काही आभार आहेत, आणि ते वाचून मला भरून आले. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या हाताशी यंत्र असावे म्हणून काही लोकांनी स्कॅनर दान दिले आहेत. या दात्यांना आजोबांच्या वह्या कशा ठाऊक असणार? तरीही त्या आज वाचता येतात त्यात त्यांचा वाटा आहे, आणि मी तो मानते.

आता ३०० डीपीआयने रंगीत ए४ पान घेते. न दाबलेल्या टिफ फाइलला सुमारे २६ मेगाबाइट लागतात. पानामागे काळा कागद ठेवते, म्हणजे पाठीमागची शाई पुढे कमी उमटते. मोडी टिपणे एका जाणकार बाईंकडे पाठवली आहेत. पहिल्या फाइलमध्ये आजोबांच्या नावाखाली त्या विद्यार्थ्याचे आणि सेनच्या लेखकांचे ऋण नोंदवले आहे.

तुमच्या माळ्यावर सपाट काचेचा जुना स्कॅनर असेल तर तो विकण्याआधी पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून एकदा जोडून पाहा. त्यासाठी संगणकावरचे काही पुसावे लागत नाही. सेनच्या यादीत तुमचे मॉडेल अजून न तपासलेले म्हणून नोंदलेले असेल, तर चालते की नाही ते त्यांना अवश्य कळवा. चालले तर दोन ओळी आभाराच्याही लिहा.