सहावी बादली

बेळगावच्या डिसेंबरात गरम पाण्याची किंमत काय सांगावी! आमच्या घरात माणसं सहा आणि न्हाणीघर एक. आजीचा तांब्याचा बंब मोडीत निघाला आणि त्या जागी 25 लिटरचा गीझर आला. बंबाला धूर होता, राख होती; पण काढावं तेवढं पाणी वरून ओतायचं आणि जाळ चालूच. पाणी संपलं असं कधी झालं नाही.

एके सकाळी शेजारच्या काकूंनी कुंपणावरून आईला विचारलं, "जळक आतेन्री?"

आई हसून म्हणाली, "आत्री, तण्णीर."

थंड पाण्यानं! बाबांची कानडी बाजारभावापलीकडे जात नाही. मला मात्र कळलं आणि माझी मलाच लाज वाटली. आईचा नंबर रोज शेवटचा, आणि दुसरी बादली माझी!

मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "50 लिटरचाच आणू!" मी वही उघडली. आमच्या कॉमर्सच्या भाषेत टाकी म्हणजे शिल्लक आणि कॉइल म्हणजे आवक. नळाचं पाणी 20 अंशांचं, गीझरमधलं 60 अंशांचं. दोन्ही निम्मं निम्मं मिसळलं की 40 अंशांचं 50 लिटर पाणी, म्हणजे 20 लिटरच्या अडीच बादल्या. 2 किलोवॅटच्या कॉइलला पुढच्या प्रत्येक बादलीसाठी 14 मिनिटं लागतात. आम्ही सारे 40 मिनिटांत उरकणार, म्हणजे आणखी पावणेतीन. बेरीज सव्वापाच. सहावी बादली आईची.

टाकी दुप्पट केली आणि कॉइल तीच राहिली, तर पाणी तापायला 35 ऐवजी 70 मिनिटं. मग पहाटे उठून बटण कोण दाबणार? पुन्हा आईच! 3 किलोवॅटची कॉइल घ्यावी, तर ती 13 अँपिअर ओढते. आमच्या जुन्या वायरिंगला ते झेपेल का, हे आधी वायरमनला विचारायला हवं. टाकी आणि कॉइल यांची जोडी जमल्याशिवाय नुसतं मोठं भांडं आणून उपयोग नाही.

बाबांनी वही दोनदा वाचली. खरेदी पुढे ढकलली. तूर्त आई पहिली, मी शेवटचा. पंधरा मिनिटं थांबलं की माझीही बादली गरम निघते.

परवा काकूंनी पुन्हा तोच प्रश्न केला.

आई म्हणाली, "आत्री, बिसिनीर!"